11 एकर झुडपी जंगल जसं आहे तसं ठेवायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यात तुमच्या लेआउटला लागून 11 एकर सरकारी जमीन आहे आणि सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे. रात्री ट्रॅक्टर येऊन मलबा टाकून जातात, दर उन्हाळ्यात आग लागते, शेजारच्या गावच्या बकऱ्या चरायला येतात. स्थानिक पुढारी तिथे ‘ऑक्सिजन पार्क’ करू म्हणतात आणि एक कंपनी येत्या जूनमध्ये 5,000 रोपं लावून द्यायला तयार आहे. जागा नैसर्गिकच राहावी अशी तुमची इच्छा आहे, म्हणून तुम्ही विचारलंय की आधी तारेचं कुंपण घालावं की मियावाकी (खूप दाट रोपं लावून छोटं जंगल उभं करायची पद्धत) करावं?

दोन्ही नको. कारण सांगतो.

मलबा टाकणारा, पार्क करू म्हणणारा पुढारी आणि रोपं घेऊन येणारी कंपनी, या तिघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आहे: जागा रिकामी आहे. एकाला ती कचऱ्यासाठी रिकामी दिसते, दुसऱ्याला पेव्हर ब्लॉकसाठी, तिसऱ्याला झाडांसाठी. नागपूरच्या मे महिन्यात झुडपी जंगल पाहिलं तर त्यांना दोषही देता येत नाही. पळस फुलून गेला की उरतं ते पिवळं गवत, काट्याची बोरं आणि तापलेला मुरूम. म्हणून तुमचं पहिलं काम आहे ही जागा कागदावर आणि जमिनीवर ‘भरलेली’ आहे हे दाखवणं. झाडं लावणं हे जवळजवळ शेवटचं काम, आणि तेही थोड्याच जागेवर.

आता, काही गोष्टी तुमच्या प्रश्नावरून कळत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. जागा अजून महसूल खात्याकडे आहे की वनखात्याने ताबा घेतलाय? या खसऱ्यातला (सर्व्हे क्रमांकातला) काही भाग पूर्वी कुणाला वाटप झालाय का? गावाचे निस्ताराचे, म्हणजे चराई-सरपणासारखे, हक्क इथे नोंदलेले आहेत का? शेजारच्या ग्रामसभेने सामुदायिक वनहक्काचा दावा केलाय का? या चारांपैकी एकाचं उत्तर वेगळं निघालं तरी कुणाकडे जायचं ते बदलतं. जमिनीवर काय करायचं, ते मात्र फारसं बदलत नाही.

कागदापासून सुरू करू. ‘झुडपी जंगल’ हा शब्द विदर्भाबाहेरच्या वकिलालाही समजावून सांगावा लागतो. मध्य प्रांताच्या काळात मालगुजाराच्या (गावाचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या) ताब्यात गावाची पडीत, झुडपं असलेली, नांगराला न येणारी जमीन असायची आणि गावकरी तिथे गुरं चारायचे, सरपण आणायचे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, या जमिनी सरकारजमा झाल्या, आणि निस्तारासाठी ठेवलेल्या अशा जमिनींच्या नोंदीत ‘झुडपी जंगल’ हे शब्द राहिले. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, नोंदी तशाच सोबत आल्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी 86,409 हेक्टर जमीन आहे. ही ‘वन’ आहे की नाही यावर अनेक वर्षं घोळ चालला.

तो घोळ सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात बऱ्याच अंशी संपवला. गोदावर्मन खटल्यातल्या आपल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच समजायचं, असं न्यायालयाने सांगितलं. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी सवलतीची वाट ठेवली. त्यानंतरच्या वाटपांसाठी मात्र कुणी आणि का वाटप केलं हे राज्याला सांगावं लागणार आहे. वाटप न झालेले, 3 हेक्टरपेक्षा लहान आणि इतर वनाला लागून नसलेले सुटे तुकडे भारतीय वन अधिनियमाच्या कलम 29 खाली संरक्षित वन म्हणून घोषित करायचे आणि तिथे नवं अतिक्रमण होणार नाही याची जबाबदारी उपविभागीय अधिकाऱ्याची. महसूल खात्याकडे उरलेली झुडपी जमीन एका वर्षात वनखात्याच्या ताब्यात द्यायची. शिवाय अतिक्रमणं काढण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात महसूल, पोलीस, वन आणि भूमी अभिलेख या चार खात्यांच्या अधिकाऱ्यांचं विशेष कृती दल.

तुमचे 11 एकर म्हणजे साधारण 4.45 हेक्टर. म्हणजे तुम्ही 3 हेक्टरच्या वर आहात. पण नेमकं इथेच लोक फसतात. कडेने मलबा आणि अतिक्रमण सरकत आलं, मधून रस्ता गेला, आणि मोजणीत सलग तुकडा पावणेतीन हेक्टरचा निघाला, तर प्रकरणाची वाटच बदलते. म्हणून आज जागेवर किती एकर शिल्लक आहे हे आधी ठरवा.

कागद मागताना सातबाऱ्यावर थांबू नका. मौजा, पटवारी हलका नंबर आणि खसरा क्रमांक लिहून पटवाऱ्याकडून (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात पटवारीच म्हणतात) या नोंदी घ्या: गाव नमुना 1-अ, म्हणजे वनांची नोंदवही, 1-ब, सरकारी जमिनींची, आणि 1-इ, अतिक्रमणांची. तहसीलमधून निस्तारपत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद) यांची नक्कल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमं 161 ते 167 ही मुख्यतः या दोन कागदांभोवती आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कुणी ती वाचलेली नसतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा. शिवाय त्या खसऱ्याचे सगळे फेरफार, कारण ‘झुडपी जंगल’ची नोंद मधल्या काळात ‘गावठाण’, ‘खेळाचे मैदान’ किंवा नुसती ‘सरकार’ झाली असेल तर ती कोणत्या आदेशाने झाली हे फेरफारातच सापडतं. आदेशाचा क्रमांकच नसेल तर ती नोंद हा तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा.

नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकार. 10 रुपयांचं तिकीट, 30 दिवस. एक अर्ज, एक विषय. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ हे उत्तर येणार, हे ठरलेलं. त्याऐवजी लिहा: ‘मौजा अमुक, ख.क्र. तमुक या जमिनीचा ताबा वनविभागास दिला असल्यास ताबा पावतीची प्रत. दिला नसल्यास त्याबाबतच्या पत्रव्यवहाराची प्रत.’ एवढंच. या एका उत्तरावरून पुढची तक्रार तहसीलदाराच्या नावाने जाईल की उपवनसंरक्षकाच्या, हे ठरतं.

मोजणीचं एक लक्षात ठेवा: सरकारी जमिनीची मोजणी तुम्ही पैसे भरून मागवू शकत नाही, ती ज्या खात्याचा ताबा आहे त्यानेच मागवायची असते. तुम्ही मागणी करायची ती तहसीलदाराकडे, लेखी, आणि ‘मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात’ असे शब्द हवेत. मोबाइलवर महाभूनकाशा उघडून त्याची रेघ जमिनीवर चालत गेलात तर ती काही मीटर इकडेतिकडे असणार. अंदाजासाठी ठीक, भांडणासाठी निरुपयोगी. त्या रेघेवरून शेजारच्या प्लॉटवाल्याशी वाद घालून लोक सुरुवातीलाच एक शत्रू करून बसतात. मोजणी होईपर्यंत एवढंच करा: गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं उघडून त्याच जागेचे पाच-सहा वर्षांचे फोटो काढून ठेवा. मलबा कुठून कुठे सरकत गेला हे त्यात स्वच्छ दिसतं.

आणि हो, जागेवर एखादं कुटुंब जुनं राहत किंवा कसत असेल तर ते अतिक्रमण आहे की 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावा, हे तुम्ही ठरवू नका. तिथे 13 डिसेंबर 2005 ही तारीख आणि पुरावे पाहिले जातात, आणि ते काम ग्रामसभेचं आणि उपविभागीय समितीचं. लेआउटवाल्यांनी झोपडीविरुद्ध पहिली तक्रार केली की गाव तुमच्या विरोधात गेलंच, आणि गावाशिवाय ही जागा वाचणार नाही.

आता मलबा. यावर थोडा वेळ घालवतो, कारण जागा मरते ती इथून.

घर पाडलेल्या मलब्यात सिमेंट, चुना, विटांचा चुरा, टाइल्स, पीओपी असतं. ते पावसात भिजून खालच्या मातीचा स्वभाव बदलतं, ती आणखी अल्कधर्मी आणि घट्ट होते. त्यावर पहिल्या पावसाळ्यात येतं ते गाजर गवत, तरोटा, एरंड. खड्ड्यात पाणी साचलं तर बेशरम. ट्रॉलीभर मलबा साधारण एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट. पण तो ढीग पुढच्या दोन पावसाळ्यांत आजूबाजूच्या त्याच्या कितीतरी पट जागेत तणाचं बी फेकतो. शिवाय एक ढीग दिसला की दुसरा ट्रॅक्टरवाला तिथेच येतो. म्हणून नव्या ढिगाला आठवडाभरही राहू द्यायचं नाही.

अडवायचं कसं? अशा जागेत गाडी शिरते ती एक-दोन ठिकाणांहूनच. चाकोऱ्या पाहिल्या की कळतं. तिथे तारेचं कुंपण घालू नका, पक्कड घेऊन येणाऱ्याला दोन मिनिटं लागतात. मोठे दगड ठेवा, दोन-अडीच फूट व्यासाचे, एक-तृतीयांश जमिनीत पुरलेले, दोन दगडांमध्ये साडेतीन ते चार फूट फट. माणूस, गाय, बकरी, सायकल जाते. ट्रॉली जात नाही. नुसते वर ठेवलेले दगड ट्रॅक्टरच्या मागे साखळी बांधून ओढले जातात, म्हणून पुरायचे. खंदक खणून घ्यायचा मोह होईल. वनखातं स्वतः खणत असेल तर ठीक, पण उताराचा ओढा खंदकात वळला की वरचं पाणी खाली पोचत नाही आणि दुसऱ्या बाजूची झुडपं दोन वर्षांत वाळू लागतात. ओढ्याच्या जागी खंदक तोडावाच लागतो, आणि ठेकेदार तो तोडत नाही. हे सगळं ताबेदार खात्याच्या लेखी परवानगीनेच. दगड ठेवणं हेसुद्धा.

आधीच पडलेला मलबा उचलताना मोठी चूक होते: जेसीबीने जमीन खरवडून ‘स्वच्छ’ करणं. इथल्या मुरमाड जमिनीत जीव असतो तो वरच्या चार-सहा इंचांत. गवताच्या बुडख्या, बिया, पळसाच्या मुळांचे कोंब, सगळं तिथेच. बकेटने खरवडलं की ते सगळं ट्रॉलीतून मलब्यासोबत जातं आणि उरतो तो उघडा मुरूम, ज्यावर पुढच्या जुलैत फक्त गाजर गवत येतं. म्हणून जेसीबीने मलब्यावर उभं राहूनच काम करायचं, गवतावर चाक जाऊ द्यायचं नाही, आणि जमिनीपासून अर्ध्या फुटावर थांबायचं. शेवटचा थर फावडं-घमेल्याने. कामाच्या वेळी कुणीतरी तिथे उभं राहायलाच हवं. ऑपरेटरला सपाट जमीन दाखवायची सवय असते आणि तो मनापासून ती करून देतो.

आता कंपनीची 5,000 रोपं. हिशेब करून पाहा. 4.45 हेक्टर भागिले 5,000 म्हणजे दर नऊ चौरस मीटरला एक खड्डा, तीन-तीन मीटरवर. खड्डा नेहमीच्या मापाचा, 45 बाय 45 बाय 45 सेंटिमीटर. सगळे मिळून साडेचारशे घनमीटरहून जास्त माती उकरली जाते, साधारण 160 ब्रास. म्हणजे ज्या मलब्याविरुद्ध तुम्ही भांडताय, तेवढीच माती तुम्ही स्वतः उलथवणार. ती मोकळी माती पहिल्या पावसात गाजर गवताची नर्सरी होते. रोपं बहुधा सप्तपर्णी, करंज, बांबू, गुलमोहर असतात, कारण नर्सरीत तीच मिळतात. दोन उन्हाळे टँकरने पाणी, तिसऱ्या वर्षी टँकर बंद, आणि 45 अंशांत जे व्हायचं ते होतं. मियावाकीत तर जमीन मीटरभर खोल खणून दर चौरस मीटरला तीन ते पाच रोपं लावतात. शाळेच्या आवारातल्या मेलेल्या मातीसाठी ती पद्धत वापरा, हरकत नाही. जिवंत झुडपी जंगलावर ती वापरली की आधीचं जंगल पुसूनच नवं लावावं लागतं.

आणि आधीचं जंगल आहे. गुडघाभर उंचीचं पळसाचं एक झुडूप निवडा आणि त्याच्या बुडाशी हाताने चार बोटं माती बाजूला करा. वर करंगळीएवढी काडी आणि तीन पानं. खाली मनगटाएवढं जाड, गाठीगाठींचं मूळ. कोंब वर आला, आगीने किंवा बकरीने गेला, तरी मूळ खाली फुगत राहतं, आणि कोंब पुन्हा फुटत राहतात. ते रोप नाही, पुष्कळ वर्षांचं झाड आहे, फक्त त्याला वर येऊ दिलेलं नाही. तेंदू, धावडा, येरोणी, हिवर यांचंही थोड्याफार फरकाने तसंच. जागा झुडपीच का राहते याचं उत्तर यात आहे: दरवर्षीची आग आणि कुऱ्हाड. त्या दोन थांबल्या की पावसाळ्यागणिक कोंब हातभर वर येतात, तेही टँकरशिवाय.

आपल्या जागेत असा साठा किती आहे हे मोजता येतं. सुतळीने 10 बाय 10 मीटरचे चौकोन आखा, जागेच्या वेगवेगळ्या भागांत आठ-दहा. प्रत्येकात मीटरपेक्षा कमी उंचीचे देशी झाडांचे कोंब मोजा, जात लिहा, चारही कोपऱ्यांचं स्थान मोबाइलवर नोंदवा. प्रत्येक चौकोनात सरासरी दहा-बारा कोंब निघाले, तरी ते हेक्टरी हजार ते बाराशे झाले. कंपनी जेवढी लावणार होती तेवढी झाडं जमिनीत आधीच उभी आहेत. हा तक्ता पुढाऱ्याला आणि कंपनीला दाखवायला जितका उपयोगी पडतो तितकं कोणतंही भाषण पडत नाही.

एक इशारा मात्र: सगळी जागा दाट झाडांची व्हावी असा हट्ट नको. झुडपी जंगलातले गवताचे मोकळे तुकडे हेसुद्धा जंगलच. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते, रातवा वाळक्या पाल्यावर, तितर गवताच्या बुडाशी. ससा आणि रोही गवतालाच येतात. झाडांची संख्या हा मापदंड धरला की आधी बळी जातो तो माळाचा.

लावायचं असेल तर एकाच ठिकाणी: मलबा उचललेली जागा आणि मुरूम चोरून नेलेले खड्डे. तिथेही आधी गवत. बी बाहेरून आणू नका, त्याच जागेतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताने ओरबाडून घ्या: कुसळ, पवन्या, शेडा, मारवेल. कुसळाचं बी तळहातावर ठेवून त्यावर थेंबभर पाणी टाका. काळपट शेपटी पिळवटत फिरू लागते. जमिनीवर ती अशीच फिरत बी मातीत घालते. पेरायला तुम्हाला नांगर लागत नाही तो यामुळे. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, काही महिने झोपेत असतं, म्हणून पोत्यात कोरडं ठेवून मृगाच्या पावसाआधी शेण-मातीत मिसळून फेकायचं. दोन पावसाळ्यांत गवत धरलं की मग हवं तर बोर, खैर, पळसाचं बी.

तणाचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात जास्त फळतं. घाणेरी, आपल्याकडची रायमुनिया, वरून कापली तर दुप्पट फुटते आणि जाळली तरी फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचं, म्हणजे जिथून कोंब फुटतात तो भाग वरच्या झुडपासोबत निघून येतो, आणि झुडूप उलटं करून तिथेच ठेवायचं म्हणजे फांद्या पुन्हा मुळं धरत नाहीत. फळं काळी होण्याआधी. पक्षी ती फळं खाऊन ज्या झाडावर बसतात, त्या झाडाखाली पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात फेरी मारून पिल्लं उपटावी लागतात. गाजर गवत जुलै-ऑगस्टात, ओल असताना, फुलाआधी मुळासकट. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालूनच, अंगावर उठतं. फुलल्यावर उपटून बाजूला फेकलं तर ढिगातूनही बी पडतं. त्याच्या पानांवर मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका, ते याच कामासाठी 1984 पासून आपल्या देशात सोडलेले मेक्सिकन भुंगे आहेत. रानतुळस, म्हणजे भुतगांजा, सप्टेंबर संपायच्या आत. सुबाभूळ लहान असेल तरच उपटा; मोठं कापलं की बुडातून झाडूसारखं फुटतं.

हे सगळं करतानाही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचं पत्र खिशात असू द्या. वनजमिनीवर कुऱ्हाड-कुदळ घेतलेला माणूस वनरक्षकाला लांबून एकसारखाच दिसतो.

बकऱ्यांचं काय? पूर्ण बंदी घालू नका. निस्तारपत्रकात चराईची नोंद असेल तर तुम्हाला तो अधिकारही नाही, आणि नसली तरी बंदी पाळली जाणार नाही. गाय गवत खाते, बकरी कोंब खाते. नुकसान बकरीचं जास्त, तेही पावसाळ्यात कोंब लुसलुशीत असताना. गायकीशी, म्हणजे गुराख्याशी, आणि बकऱ्यावाल्यांशी बोलून जागेचे तीन भाग करा. दरवर्षी एक भाग जून ते ऑक्टोबर बंद, बाकी दोन उघडे, पुढच्या वर्षी भाग बदलायचा. बंद भागातलं गवत नोव्हेंबरनंतर, बी गळल्यावर, कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांचाच, चार-पाच इंच बुडखा ठेवून. बी गळण्याआधी कापलं तर तीन-चार वर्षांत चांगलं गवत जातं आणि कुणी न खाणारं उरतं. अर्थात निर्णय ताबेदार खात्याने आणि ग्रामसभेने घ्यायचा, तुम्ही फक्त तो सुचवायचा. कापून नेलेलं गवत जळत नाही, हा यातला दुसरा फायदा.

आगीचा हंगाम वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतं. लेआउटच्या आणि रस्त्याच्या बाजूने किमान तीन मीटर रुंदीची जाळरेषा जानेवारीअखेर तयार हवी. नागरिकांनी ती जाळून करायची नाही, नियंत्रित जाळणं हे फक्त खात्याचं काम. तुम्ही गवत कापून पट्टा मातीपर्यंत झाडून काढा. इथे हमखास चूक होते ती अशी की जानेवारीत झाडलेला पट्टा मार्चमध्ये पुन्हा पानांनी भरतो. पानगळ एप्रिलपर्यंत चालते, म्हणून दर दहा-बारा दिवसांनी झाडू फिरलाच पाहिजे. आग दिसली तर आधी 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर फोन, मग अग्निशमन. विझवायला जाणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, आगीच्या तोंडासमोर उभं राहू नये, मागून आणि बाजूने हिरव्या फांद्यांनी दाबत यावं. मुलांना नेऊ नका. लेआउटमधला जाळलेला कचरा हे आगीचं मोठं कारण असतं. ते गावाच्या माथी मारण्याआधी आपल्या गल्लीत पाहा.

पार्कचा विषय एका पत्रात संपवता येतो. ओपन जिम, पेव्हर, दिवे, कॅफेटेरिया यासाठी वनजमीन वापरणं हा वनेतर वापर ठरतो आणि त्याला 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते, ती घेतली आहे का, एवढंच विचारा. चालायला लोकांना पायवाट हवी असेल तर आहे ती ढोरवाट पुरते. दिवे नकोतच. आणि कुत्र्यांना तिथे पोळ्या टाकणं बंद करायला लेआउटच्या ग्रुपवर सांगा, वाईटपणा आला तरी. टिटवीची अंडी आणि सशाची पिल्लं यांचा एवढा फडशा दुसरं कुणी पाडत नाही.

राहिली कंपनी. तिला नाही म्हणू नका, पैसे दुसरीकडे वळवा. खात्यामार्फत मलबा उचलणं, पुरायचे दगड, जाळरेषा झाडायला फेब्रुवारी ते मे दोन माणसांची मजुरी, आणि तीन पावसाळे तण काढायची मजुरी. 5,000 रोपं, खड्डे, कुंपण आणि टँकर यांचा खर्च त्यांनी काढलेलाच असेल. त्याच्या शेजारी हा खर्च मांडून दाखवा. फोटोला काहीच मिळणार नाही अशी त्यांची अडचण असते, आणि ती खरी आहे. म्हणून हद्दीच्या एका पक्क्या दगडावर मोबाइल ठेवून, त्याच दिशेने, दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक फोटो काढायचं त्यांच्याशी ठरवा. पहिला आत्ताच काढून ठेवा, मलब्यासकट.

पहिलं पत्र तहसीलदाराला, प्रत उपविभागीय अधिकारी आणि उपवनसंरक्षकांना. त्यात खसरा क्रमांक, मोजणी आणि हद्दीच्या खुणांची मागणी, तारखा आणि ट्रॅक्टरचे नंबर असलेले फोटो, आणि अतिक्रमण-मलब्याची 1-इ मध्ये नोंद घेण्याची विनंती. झाडांबद्दल एक शब्दही नको. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.